आवणाचा हिरवा, चुड्याचा हिरवा

"दोन्ही हिरवेच तर आहेत, मग एवढा हट्ट कशाला?" हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्या तोंडांतून ऐकलं की शेवटी ते नुसतं कानावर पडलं तरी माझं डोकं फिरायला लागलं. दीर म्हणाला, जाऊ म्हणाली, रंगारी म्हणाला, विहिरीवर भेटलेल्या बाया म्हणाल्या. मी प्रत्येकाला उलट विचारायची, दोन्ही सारखेच असतील तर मला आवडतो तो लावला म्हणून तुमचं काय बिघडतंय? उत्तर त्यांच्याकडे होतं, पण ते माझ्या तोंडावर बोलायची छाती कोणाची नव्हती.

तर ते मीच सांगते. मी नवरा गेलेली बाई आहे. आणि त्या दोन हिरव्यांपैकी मला आवडलेला हिरवा हा नेमका नवरीच्या चुड्याचा हिरवा होता.

आमचा पाडा मोखाड्याच्या पुढे, जीप सोडून उतारानं खाली यावं लागतं तिथे. मी पाड्याच्या अंगणवाडीत सेविका आहे. आमची घरची बोली वेगळी, पण मी आश्रमशाळेत राहून शिकले, त्यामुळे मला दोन्ही भाषांत भांडता येतं. दिराचं म्हणणं असं की वहिनीला शाळेत पाठवलं तिथंच सगळं बिघडलं. नवरा वसईकडे बांधकामावर कामाला होता, तिथेच आजारी पडला आणि थोड्याच दिवसांत गेला. तेव्हा माझी मुलगी शाळेत होती. आता ती नर्सिंग शिकून जव्हारला दवाखान्यात कामाला लागली आहे. तिला मी एकटीनं वाढवलं, असं म्हणत नाही. माझी सासू होती पाठीशी. पण बाकी कोणी नव्हतं, हे मात्र ठासून सांगते.

आमचं जुनं घर कारवीच्या कुडाचं होतं. कारवीच्या काठ्या उभ्या विणायच्या, त्यावर शेणमाती लिंपायची, मग वरून सारवायचं. हे सगळं बायांचं काम. कुठली माती आणायची, शेण किती घालायचं, गेरू कधी लावायचा, हे बाई ठरवायची आणि बाईच करायची. आम्ही तर म्हणतोच, भिंत बाईची असते. नवरा जिवंत होता तेव्हा त्यानं भिंतीबद्दल कधी ब्र काढला नाही. सारवलेल्या भिंतीला पाठ टेकून तो चहा प्यायचा, एवढाच त्याचा भिंतीशी संबंध.

मग घरकुल मंजूर झालं. विटा आल्या, सिमेंट आलं, पत्रा आला. आणि गंमत बघा, भिंत सिमेंटची झाली त्या दिवसापासून गावातल्या प्रत्येक पुरुषाला भिंतीतलं कळायला लागलं. खिडकी कुठे, कोनाडा हवा की नको, पुट्टी मारायची की नुसता चुना, सगळ्यांची मतं तयार! इतकी वर्षं हे ज्ञान कुठे लपवून ठेवलं होतं कोण जाणे.

रंगारी मोखाड्याचा. ठाण्याकडे काही वर्षं काम करून आलेला, म्हणून बोलण्यात हिंदी. पहिल्या दिवशी आला, ओट्यावर पिशवी ठेवली आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "मालक कुठं आहेत? कलर का पूछना था."

मी म्हटलं, "मालक तुझ्यासमोर उभी आहे. विचार."

तो ओशाळला. माणूस वाईट नव्हता, पण सवय लागलेली असते.

रंग आणायला मी आणि मुलगी जव्हारच्या बाजारात गेलो. दुकानदारानं शेडचं पुस्तक पुढे टाकलं आणि आपणच सांगून टाकलं, "ताई, क्रीम घ्या. सगळे क्रीमच नेतात, मळत नाही." मी म्हटलं, सगळे नेतात तर सगळ्यांना द्या, मला हिरव्याचं पान दाखवा. त्या पानावर हिरव्याच्या इतक्या चौकटी होत्या की डोळे भिरभिरले. पण दोनच मनात भरल्या. एक फिक्कट, ज्येष्ठात भाताची रोपं बोटभर वर येतात तेव्हा वाफ्यावर जो रंग दिसतो तो. आम्ही त्या रोपांना आवण म्हणतो. दुसरी त्याच्याच शेजारची चौकट, त्याहून एक पायरी चढती. मुलीनं दोन्हींवर बोट ठेवलं आणि हसली. म्हणाली, "आई, हा आवणाचा आणि हा चुड्याचा."

नाव तिनं ठेवलं आणि तेच चिकटलं. दुकानदारानं दोन्हींचे लहान लहान डबे नमुन्याला दिले.

मला चुड्याचा हवा होता. का, म्हणून विचाराल, तर आवडतो. बस्स. सगळ्याच गोष्टींना कारण नसतं. पण एक सांगते. नवरा गेला त्या दिवशी बायांनी माझा हात दगडावर धरला आणि दुसऱ्या दगडानं बांगड्या फोडल्या. मनगटाला काच लागली. दुःख नवऱ्याचं होतं, बांगड्यांचं कोणाला पडलं होतं! पण त्यानंतर जे सुरू झालं त्याचा राग माझ्या मनातून कधी गेला नाही. बाजारात हिरव्या लुगड्याला हात लावला की सोबतची बाई खाकरायची. अंगणवाडीतल्या कार्यक्रमाला हिरवं पोलकं घातलं तर कोणीतरी कानाशी येऊन म्हणणार, "तेवढा हिरवा नको गं बाय." तेवढा हिरवा! म्हणजे डोंगर हिरवा चालतो, शेत हिरवं चालतं, मिरची हिरवी चालते, मी मात्र नाही. इतकी वर्षं हे ऐकत गप्प बसले. आता घर माझं, भिंत माझी, आणि भिंतीला कोणी बांगड्या म्हणून फोडू शकत नव्हतं.

पण वेळ नेमकी अडचणीची होती. मुलीनं आपल्या मनानं मुलगा पसंत केला होता. सूर्यमाळचा, तिच्याबरोबर शिकलेला, आता तोही नोकरीला. चांगला मुलगा, शांत. त्याचे आईबाप पुढच्या रविवारी घर बघायला आणि मागणी घालायला येणार होते. त्याची आई रीतिभातीला फार कडक आहे, असं दिराच्या कानावर आलं होतं. मुलीचा जीव त्या मुलावर होता. माझी भिंत आडवी येऊन तिचं लग्न मोडलं तर? ही भीती मलाही होती, खोटं कशाला बोलू. दिवसभर ताठ बोलायची आणि भाकरी थापताना तेच आठवून हात थांबायचा.

मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी दीर आणि जाऊ बाजाराला निघाले होते, ते वाटेत माझ्याकडे थांबले. सासू त्यांच्याकडेच राहते, तीही आली होती. रंगाऱ्यानं पांढरा प्रायमर मारून ठेवला होता आणि तो दुसऱ्या एका कामाला गेला होता. मी दोन्ही डबे उघडले आणि सारवायला घेतात तसा तळहातानं एकेक पट्टा भिंतीवर ओढला. डावीकडे आवणाचा, उजवीकडे चुड्याचा. ब्रश होता घरात, पण हातानं बरं कळतं.

दिरानं उजवीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "वहिनी, हे बरं दिसतंय का?"

"मला दिसतंय."

"तुमाला दिसून काय उपेग? लोक येनार हायेत. इधवा बाईच्या घरात असला रंग म्हनजे…" तो तिथेच अडखळला.

"म्हणजे काय, भावजी? बोला ना पुढं."

बोलली ती जाऊ. जाऊ माझ्याहून धाकटी, तोंडानं फटकळ, मनानं घाबरट. "अवं बाई, पोरीच्या लग्नाला अपशकुन नको. आवनाचा बी हिरवाच हाय की! आन ह्यो सुकला की अजून फिका पडंल, डोळ्यात बी येनार नाय. तुमचं बी राहील, लोकांचं बी राहील."

सुकला की फिका पडेल, हे तर आम्हा सगळ्यांना जन्मापासून माहीत. ओली माती काळपट दिसते, सुकली की फिकी होते. ओला गेरू रक्तासारखा, सुकला की विटकरी. चुना ओला असताना तर दिसतसुद्धा नाही. लहानपणापासून ओल्या भिंतीकडे बघून सुकी भिंत कशी दिसेल हे आम्ही सांगत आलो. त्यात चूक व्हायची नाही.

मुलगी तेवढ्यात म्हणाली, "आई, तुला आवडतो तोच लाव. त्यांना नाही पटलं तर नाही पटलं." तिनं हे म्हटलं आणि मान खाली घातली. ती मान खाली गेली ना, तिथेच मी हरले. पोर माझ्यासाठी लग्नावर पाणी सोडायला निघाली होती. मी म्हटलं, "राहू दे. आवणाचा लावू."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत जावेनं ओला फडका घेतला आणि दोन्ही पट्टे खसाखसा पुसून टाकले. कोणी बघायला नको म्हणून! जीपचा हॉर्न वाजला, दोघं पिशव्या घेऊन वर पळाले. सासू उंबऱ्यात बसली होती. एवढ्या सगळ्यात तिला कोणी काही विचारलं नव्हतं, आणि तीही बोलली नव्हती. ते गेल्यावर एवढंच म्हणाली, "पुसायची काय घाई होती? सुकू तरी द्यायचं." मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्यानं आवणाच्या हिरव्याचा मोठा डबा आणला आणि कामाला लागला. मला तालुक्याला मीटिंग होती. निघताना एक भिंत रंगवून झाली होती, ओली चकचकीत, फिक्कट. मला ती बघवली नाही. फिका रंग वाईट नसतो हो, पण तो माझ्या 'राहू दे' म्हणण्याचा रंग होता. मीटिंगमध्ये कोण काय बोललं ते मला आजही आठवत नाही. मी मनातल्या मनात अख्ख्या जगाशी भांडत बसले होते.

परतले तेव्हा उन्हं कलली होती. मुलगी दारात उभी, तोंडावर हात. रंगारी ओट्यावर बिडी न पेटवताच हातात धरून बसलेला. मी आत पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थांबले.

चारी भिंती चुड्याच्या हिरव्या झाल्या होत्या.

अगदी तो. उजवीकडचा पट्टा ओला असताना दिसला होता तोच. मी रंगाऱ्याकडे वळले, तर तो हातच जोडायला लागला. "ताई, कसम से, डबा तोच हाय. हा प्लास्टिकचा कलर हाय, हा सुकला की चढतो. दोन हात मारले की अजून चढतो, आन चार भिंतींवर तर पुस्तकातल्या चौकटीपेक्षा गडदच दिसतो. तुमी लोकांनी सुकल्यावर पाह्यला असेल असं मला वाटलं."

सुकला की चढतो! माती उतरते आणि हा चढतो. अख्खं घर जमून, सगळ्या जाणत्या बायांनी मान डोलवून, ओल्या रंगावरून सुकी भिंत ठरवली होती. एकीनं तर पुरावाही पुसून टाकला होता. मला हसू फुटलं. मुलीला फुटलं. आम्ही दोघी त्या हिरव्या खोलीत खाली बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. रंगाऱ्याला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

बातमी पाड्यात पसरायला काय लागतं! सकाळीच दीर आला. दारात उभा राहून त्यानं भिंती बघितल्या, मग मला बघितलं, मग रंगाऱ्याला. तळपायाची आग मस्तकात गेलेली. "परवा आमच्यासमोर हो म्हनायचं आन आमची पाठ फिरली की डबा बदलायचा? ही फसवनूक झाली, वहिनी. आन तू रे, किती घेतलंस ह्यांच्याकडनं?"

रंगारी शपथ घ्यायला उठला. रंग चढतो वगैरे सगळं सांगायला त्यानं तोंड उघडलं. एका वाक्यात मिटलं असतं. चूक सगळ्यांची, त्यात जावेचीही, आणि माझी सुटका. पण मग काय झालं असतं? मग तो हिरवा माझा राहिला नसता. चुकून लागलेला रंग, नाइलाजानं ठेवलेला रंग, येणाऱ्याजाणाऱ्याला माफी मागत दाखवायचा रंग. नाही जमणार. दोन दिवसांपूर्वी एकदा मान खाली घातली होती, ते पुष्कळ झालं.

मी रंगाऱ्याला हातानं थांबवलं. दिराला म्हटलं, "त्याला बोलू नका. त्याचा काही दोष नाही. हा रंग मला हवा होता आणि हाच राहणार."

"म्हंजे तुमीच केलं?"

"माझ्या घरात माझ्याशिवाय कोण करणार, भावजी?"

तो तरातरा निघून गेला. दुपारी परत आला तो हातात पांढऱ्या ऑईल पेंटचा डबा घेऊन. ओट्यावर आपटला. "रविवारच्या आत ह्यो मारून घ्या. पोरीचं वाटोळं झालं तर माला सांगू नका." एवढं बोलून गेला. आता सांगते, त्याच्या मनात काळं नव्हतं. भाऊ गेल्यावर भावाच्या लेकीचं आपण बघायचं, एवढंच त्याला कळत होतं, आणि बघायचं म्हणजे लोकांचं ऐकायचं अशी त्याची समजूत. पण समजूत चांगली असली म्हणून माझ्या भिंती का पांढऱ्या व्हाव्यात?

संध्याकाळी सासू काठी टेकत आली. काही न बोलता भिंतीजवळ गेली. सारवण वाळलं का बघतात तसा तळहात वरून खाली फिरवला, मग तळहात उलटा करून बघितला. "हाताला येत नाय," म्हणाली.

"येत नाही, आई. हा पक्का असतो."

"बरा हाय." मग ओट्याकडे बघून म्हणाली, "त्यो पांढरा डबा कुठं ठिवलास?"

"परत देणार आहे भावजींना."

"दिऊ नको. ठिव. लागंल."

मला वाटलं, हीसुद्धा फिरली. रागानं मी तो डबा खाटेखाली पायानं ढकलला.

रविवार आला. मुलाचे आईबाप आणि मुलगा सूर्यमाळहून जीपनं आले. दीर आणि जाऊ सकाळपासून हजर, दोघांचे चेहरे मयताला आल्यासारखे. पाहुणे आत आले, पाटावर बसले, पाणी झालं. आणि मुलाच्या आईची नजर भिंतीवरून फिरायला लागली. ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, मग माझ्या रिकाम्या मनगटावर, मग पुन्हा भिंतीवर.

"रंग कोनी निवडला?" तिनं विचारलं.

दिरानं पटकन तोंड घातलं, "रंगाऱ्याची चूक झाली, बदलायचाच हाय…"

"मी निवडला," मी म्हटलं. "बदलायचा नाही."

ती बाई पाटावर सावरून बसली. मग म्हणाली, "आमच्याकडं असं चालत नाय. मालक गेल्यावर बाईनं जरा बघून ऱ्हावं. उद्या आमाला लोक इचारतील, कसल्या घरातली पोर केली."

माझी मुलगी चहाचे कप घेऊन उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. या वेळी तिची मान वर होती. मग मला आणखी काय हवं होतं?

मी म्हटलं, "तुम्ही माझं घर बघायला आलात, बघा. भिंती बघा, छत बघा, चूल बघा. आता मलाही एक विचारू द्या. चैतात तुमच्या पाड्यावरची विहीर आटते. मला माहीत आहे, मी त्या बाजूला लसीकरणाला आले आहे. बाया हंडे घेऊन कुठवर उतरतात तेही बघितलंय. माझी लेक दवाखान्यात उभं राहून येईल, त्यावर तुमच्या घरचं पाणी कोण भरणार? माझ्या भिंतीचा रंग तुम्हाला लोक विचारतील. तुमच्या पाण्याचं मी आत्ता विचारते."

जावेनं कपाळाला हात लावला. मुलाची आई लालबुंद झाली. तो हंडा इतकी वर्षं तिच्याच डोक्यावर होता, आणि ते तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

बोलला तो मुलगा. बापाकडे न बघता म्हणाला, "पाणी मी भरीन. टँकर आला तरी मी, नाय आला तरी मी. आईच्या वाटनीचं बी मीच भरनार, आता बास झालं तिचं." त्याच्या आईनं त्याच्याकडे असं बघितलं, जणू हे तिला कोणी आधी कधी म्हटलंच नव्हतं. पदरानं तोंड पुसलं तिनं. मग बापानं मोठ्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, "च्या निवतोय. सुपारी कधी फोडायची ते बोला."

मुलाची आई जाताना पुन्हा एकदा भिंतीपाशी थांबली. "पाऊसकाळात असा दिसतो आमचा माळ," म्हणाली, आणि चप्पल घालायला लागली. माफीबिफी मागितली नाही. मीही मागितली नाही. बरोबरी झाली.

आता शेवटचं सांगते, लग्नाचं.

आमच्यात लग्नाच्या आधी घरातल्या भिंतीवर चौक काढतात, तांदळाच्या पिठानं, पांढऱ्या रेघांचा. चौकात देवी बसते, तेव्हा कुठे लग्न लागतं. तो काढायचा सवाशिणींनी. नवरा गेलेल्या बाईनं त्या पिठाला हात लावायचा नाही, लांब बसून बघायचं. जावेनं पाड्यातल्या सवाशिणी गोळा केल्या, तांदूळ वाटले, काडी ठेचून तिचा कुंचला केला, आणि माझ्या हिरव्या भिंतीवर पहिली रेघ ओढली.

रेघ घसरली. प्लास्टिकच्या रंगावर पीठ धरेना. ओघळ थेट जमिनीपर्यंत आले. दाट केलं, तर पापुद्रा होऊन गळून पडलं. गेरूशेणानं तेवढाच तुकडा सारवून बघितला, तोही सुटून खाली आला. बायांचे चेहरे पडले. एक हळूच म्हणाली, "म्हनून सांगत होतो, त्यो हिरवा नको." वऱ्हाड निघायची वेळ झाली होती, आणि चौकाशिवाय पुढचं काही होईना. एवढं सगळं लढून ह्या भिंतीनंच दगा द्यावा?

मी कोपऱ्यात बसले होते, सासूच्या शेजारी. आम्हा दोघींची जागा ती. सासू काठीवर जोर देऊन उठली. "खाटंखालचा डबा काढ," मला म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भिंतीवर हात फिरवला त्याच संध्याकाळी हिला कळलं होतं, इथं पीठ धरणार नाही.

डबा आणला. झाकण गंजून बसलेलं, मला निघेना. सासूनं तो डबा तसाच दिरापुढे धरला. "तूच आनलास. तूच उघड." त्यानं कोयत्याच्या टोकानं झाकण उचकटलं. सासूनं जावेच्या हातातली काडी घेतली, पांढऱ्यात बुडवली आणि भिंतीपाशी गेली.

"आई," दीर चाचरत म्हणाला, "सवाशिनी काढतात ना…"

सासू वळली. मी तिला इतक्या वर्षांत कधी आवाज चढवताना ऐकलं नाही, तेव्हाही चढवला नाही. "तुझा बा गेला तवापासनं मी काडी धरली नाय. त्याच्या आधी ह्या पाड्यातला हरेक चौक माज्या हातचा. तुज्या लग्नात तुजा चौक ह्या दुसऱ्या बायांनी काढला. वाकडा काढला. मी त्या कोपऱ्यात बसून बघत व्हते, माज्याच पोराचा चौक वाकडा जाताना. बोलले का मी? नाय बोलले. ह्या पोरीचा वाकडा मी जाऊ देनार नाय."

जावेनं पिठाची वाटी बाजूला सरकवली.

काडी भिंतीला लागली आणि रेघ सरळ निघाली. एका दमात, वरून खाली. पांढरी, ठसठशीत, कुठेही ओघळ नाही. तिनं चौकाच्या दोन बाजू काढल्या आणि दम लागून थांबली. मग काडी माझ्यापुढे धरली. "ही बाजू तू वढ. माजा हात पुरत नाय."

मी सवाशिणींकडे बघितलं नाही, दिराकडे बघितलं नाही. मुलीकडे बघितलं. हळद लागलेली, हातात हिरवा चुडा भरलेली माझी मुलगी पाटावरून उठली, माझ्याजवळ आली आणि डबा दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. मी त्यात काडी बुडवली.

माझी रेघ सासूसारखी सरळ आली नाही, थोडी तिरपी गेली. सासूनं बघितलं आणि म्हणाली, "तिरकी गेली."

"गेली," मी म्हटलं. "पुसायची नाही."

"कशाला पुसायची," ती म्हणाली. "वढ पुढची."